"पोस्टेजमध्येच कमावतात" हा हिशेब कुठे चुकतो

जुन्या पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या ऑनलाइन लिलावात भाग घेणाऱ्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: पुस्तक 100 रुपयांना सुटतं, विक्रेता पोस्टेजचे 80 घेतो आणि पार्सलवरची पावती असते 41 रुपयांची. वरचे 39 त्याच्या खिशात. दिवाळी अंकांना तर पुस्तकाहून जास्त पोस्टेज लावतात. सोबतच्या दुसऱ्या पुस्तकाला पुन्हा पैसे कशाला? विक्रेत्याला शिपिंगवर फी लागतच नाही. प्रामाणिक असतील त्यांनी फ्री शिपिंग द्यावं.

पुण्यात घरातल्या एका खोलीतून हे काम करणारे बरेच जण आहेत. त्यांच्यावर सरसकट लुटारूपणाचा शिक्का मारण्याआधी आकडे नीट बघायला हवेत.

पावतीवर फक्त टपालाचा आकार असतो. पुस्तक नीट पोचायचं तर आधी प्लास्टिकची पिशवी, मग बबल रॅप, दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा चहूबाजूंनी सेंटिमीटरभर मोठे पुठ्ठे, वर कागद किंवा खोकं आणि चिकटपट्टी लागते. पुठ्ठा पुस्तकाच्या मापाचाच घेतला तर पार्सल आपटल्यावर पहिला मार कोपऱ्यांना बसतो. पावसाळ्यात पिशवी टाळता येत नाही, आणि दमट पुस्तक तसंच बंद केलं तर आत बुरशी धरते, म्हणून आधी ते वाळवावं लागतं. बोहरी आळीतून घाऊक माल आणला तरी एका पुस्तकाला 20 ते 25 रुपये जातात. 41 अधिक 24 म्हणजे 65. उरलेल्या 15 रुपयांत वजन करणं, पत्ता लिहिणं, पोस्टात जाऊन रांगेत उभं राहणं आणि ट्रॅकिंग नंबर कळवणं येतं. याला कमाई म्हणायचं असेल तर म्हणा, पण 39 हा आकडा खोटा आहे.

दिवाळी अंकांचा मुद्दा सगळ्यात जास्त गैरसमजाचा. छापील पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड सेवा टपाल खात्याने डिसेंबर 2024 मध्ये बंद केली. 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट ही टपाल खात्याची सवलतीची सेवा सुरू झाली: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत जास्तीत जास्त 100, वर कर. ट्रॅकिंग मिळतं, पण पार्सल जमिनीवरून जातं, त्यामुळे वेळ लागतो. ही सवलत शैक्षणिक पुस्तकांना आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक साहित्याला आहे. ठरावीक काळाने निघणारी प्रकाशनं आणि जाहिराती असलेला मजकूर तिच्यात बसत नाही. दिवाळी अंक दरवर्षी निघतो आणि जाहिरातींवरच उभा असतो, म्हणजे दोन्ही अटींवर बाद. तो साध्या पार्सलच्या किंवा कुरियरच्या दरानेच जाणार. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असणं हीसुद्धा अट आहे. सुरुवातीची पानं गळालेलं जुनं पुस्तक काउंटरवर अडतं ते यामुळे. एकाच विक्रेत्याने एकाच वजनाच्या दोन पार्सलना वेगळा दर लावला, तर आधी आत काय आहे ते बघा.

कुरियरमध्ये वजनाइतकंच आकारमान महत्त्वाचं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक कंपन्या 5000 ने भागतात. 30 × 25 × 10 च्या खोक्याचं वजन दीड किलो धरलं जातं, आत पुस्तक 600 ग्रॅमचं असलं तरी. अनेक कुरियर कंपन्यांचं बुकिंग एकाच ठिकाणी करून देणाऱ्या सेवांमध्ये पार्सल पुढे पुन्हा मोजलं जातं आणि फरकाची रक्कम आठवड्याने विक्रेत्याने तिथे आधी भरून ठेवलेल्या पैशांतून कापली जाते. पार्सल काट्यावर ठेवून, टेप लावून आणि लेबल दिसेल असा फोटो काढला नसेल तर तिथे वाद घालता येत नाही.

सुटी जुनी पोस्टकार्डं किंवा कागदपत्रं स्पीड पोस्टने पाठवली तर वजनाचा टप्पा जपावा लागतो. ऑक्टोबर 2025 पासूनच्या दरानुसार 50 ग्रॅमपर्यंत शहरात 19 आणि बाहेर 47 रुपये. 50 च्या वर 250 ग्रॅमपर्यंत बाहेरगावी अंतराप्रमाणे 59 ते 77. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. एक जाड पुठ्ठा जास्त घातला की 51 ग्रॅम भरतात आणि दर वरच्या टप्प्यात जातो. पुठ्ठा काढला तर कार्ड दुमडतं.

"शिपिंगवर फी लागत नाही" हे तर साफ चूक. खरेदीदाराने पेमेंट लिंकवर कार्डाने पैसे भरले की साधारण 2 टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 2.36 टक्के, पूर्ण 180 रुपयांवर कापले जातात, नुसत्या 100 वर नाही. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या परदेशी कंपनीची भारतीय साइट 2018 मध्ये बंद झाली, तरी इथून परदेशात विकणारे आहेत. तिथली अंतिम फी वस्तू, शिपिंग आणि खरेदीदाराचा विक्रीकर या सगळ्यांच्या बेरजेवर लागते. कर सोडून हिशेब केला आणि फी 13 टक्के धरली, तरी 10 डॉलरची वस्तू आणि 12 डॉलर शिपिंग यावर 2.86 डॉलर जातात. वस्तूपुरती असती तर 1.30 गेले असते. मात्र साध्या यूपीआयने पैसे घेऊन कोणी "गेटवे चार्ज" (पेमेंट कंपनीची फी) लावत असेल, तर तो लावू नये. तिथे त्याला काही भरावं लागत नाही.

दुसऱ्या पुस्तकाच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. पूर्ण पोस्टेज दोनदा घेणं अन्याय्य, पण वजन वाढतं तेव्हा ते शून्यही होत नाही. फरक तेवढाच घ्यावा.

फ्री शिपिंग ठरलेल्या किमतीच्या दुकानाला परवडतं, कारण तिथे खर्च किमतीत घालता येतो. लिलावात किंमत बोली ठरवते. विक्रेत्याच्या हातात फक्त बेस प्राइस, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किंमत असते, म्हणून फ्री शिपिंगसाठी 50 ची बेस 130 करावी लागते आणि पहिली बोलीच येत नाही. शिवाय सदाशिव पेठेतून येऊन पुस्तक हातात घेऊन जाणारा ग्राहक गुवाहाटीच्या पार्सलचे पैसे भरत बसतो.

लबाडी होतच नाही असं नाही. बेस 1 रुपया, पोस्टेज 250, आणि तेही बोली संपल्यावर सांगितलं, तर तो विक्रेता टाळावा. नीट विक्रेता लॉटखालीच (लिलावातल्या वस्तूच्या माहितीखालीच) लिहितो: "पॅकिंगसह 620 ग्रॅम, ज्ञान पोस्ट, पॅकिंग धरून 80 रुपये, सोबतच्या पुस्तकाला वजनाप्रमाणे फरक, पुण्यात हातोहात नेल्यास शून्य." ही ओळ दिसली नाही, तर बोली लावण्याआधी मागून घ्या.