सन इज वन कासरा अप

आज तालुक्याहून परत येताना गाडीत मी एक शब्दही बोलले नाही. शेजारी सहावीतली माझी विद्यार्थिनी बसली होती, मांडीवर शाळेचा टॅब. गावाच्या फाट्याजवळ आल्यावर तिनं हळूच विचारलं, "मॅडम, ते वाक्य काढून टाकायचं का?"

तेव्हापासून डोकं तापलंय. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, तरी उतरत नाही. म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होईल, वेळ असेल तरच वाचा.

आज तालुक्याला इंग्रजीच्या डिजिटल प्रकल्पांचं सादरीकरण होतं. शाळेतून एक प्रकल्प न्यायचा होता. आमचा प्रकल्प म्हणजे या मुलीचं आठ पानांचं चित्रांचं पुस्तक. विषय आजी. पोरीचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ही आजीजवळ राहते. आमच्या बीड जिल्ह्यात असं घर वेगळं दाखवावं लागत नाही, प्रत्येक वर्गात चार-पाच असतात.

पुस्तकाचं पहिलं वाक्य असं: "माय आजी डज नॉट सी क्लॉक. शी सीज सन." आणि तिसऱ्या पानावर, आजी शेताकडं निघालेली, मागं डोंगराच्या वर सूर्य, त्याच्या खाली हिनं काढलेला एक दोर, डोंगरापासून सूर्यापर्यंत. वाक्य: "सन इज वन कासरा अप. आजी गोज टू फार्म."

दिवस कासराभर वर आला. आपल्याकडं लहानपणापासून कानावर पडलेलं. बैलाच्या वेसणीला बांधलेला कासरा, तेवढ्या लांबीचा सूर्य क्षितिजाच्या वर आला म्हणजे किती वाजले ते गावात कुणालाही कळतं. अकरा वर्षांची पोर ते इंग्रजीत नेते आणि त्याचं चित्रही काढते!

परीक्षकांनी पान उघडलं, वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, कल्पना छान आहे, पण चुका बघा किती. आणि इंग्रजीत कासरा? अहो एआयमध्ये टाकून घ्यायचं, एका मिनिटाचं काम." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी तिथंच स्वतःच्या मोबाइलवर ते वाक्य टाकलं आणि स्क्रीन पोरीसमोर धरली. "इट वॉज अर्ली इन द मॉर्निंग." म्हणाले, "बघ, किती स्वच्छ झालं."

पोरीनं ते वाचलं. मान डोलावली. मोठ्या माणसासमोर दुसरं काय करणार?

आता मला सांगा, "अर्ली इन द मॉर्निंग" हे वाक्य जगात किती पुस्तकांत असेल? आणि "वन कासरा अप" किती पुस्तकांत असेल? एका. त्या एका पुस्तकातूनही ते काढायला निघालेत.

मी शिकले तेव्हा आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमच्या वेळी निबंध म्हणजे गाइडमधला निबंध. गाय हा पाळीव प्राणी आहे, ती आपल्याला दूध देते. पन्नास पोरांच्या पन्नास वह्यांत एकच गाय. माझ्या घरी तेव्हा खरी गाय होती, तिच्या कपाळावर पांढरा चांद होता, धार काढताना ती मागचा उजवा पाय उचलायची. ती गाय माझ्या इंग्रजीत कधीच आली नाही. आणायची असते हे मला कुणी सांगितलंच नाही. गाइडमधली गाय शुद्ध होती, दहापैकी आठ मार्क द्यायची. आज तोच गाइड पोरांच्या हातात नव्या रूपानं येतोय आणि आपण त्याला तंत्रज्ञान म्हणून टाळ्या वाजवतोय. पूर्वी उतरवायला निदान अर्धा तास लागायचा, हात दुखायचा, चार शब्द तरी लक्षात राहायचे.

पहिला नंबर आला तो पाणी वाचवा या विषयावरच्या व्हिडिओला. कॅनव्हावरचा तयार साचा, तयार चित्रं, मशीनचा आवाज, उच्चार अमेरिकन. बघायला देखणा होता, नाकारत नाही. नंतर मी त्या मुलाशी सहज बोलले. "सस्टेनेबल म्हणजे काय रे?" विचारलं तर तो घाबरून आपल्या सरांकडं बघायला लागला. त्या लेकराची काहीही चूक नाही. गोड पोरगा होता. त्याच्या गावातही पाण्याच्या टँकरच्या रांगा लागत असतील, त्याची आई हंडे भरत असेल. तो व्हिडिओत कुठंच नव्हता. त्याला त्याच्याच प्रकल्पात घेतलं नाही, याचा मला जास्त राग आलाय.

ऑनलाइन साधनांवर माझा राग नाही, हे माझ्या जुन्या मित्रांना माहीत आहे. ते कासऱ्याचं वाक्यच मुळी या साधनांमुळं जन्मलं. कसं ते सांगते, कारण हे कुणी विचारतच नाही, सगळे शेवटचं पान बघतात.

आधी टॅब नाहीच. आधी कागद. एका कागदाला तीन घड्या घालून आठ चौकोन करायचे, पेन्सिलीनं चित्रं, खाली जमेल तसं वाक्य. मराठीत सुचलं तर मराठीत. हिनं लिहिलं होतं, "दिवस कासराभर वर आला." मला विचारलं, इंग्रजीत काय? मी म्हटलं, तू शोध. टॅबवर डिक्शनरी उघडून शोधलं, कासऱ्याला "रेन" निघालं. स्पेलिंगमध्ये फरक, पण उच्चार पावसाचा. पोरं गोंधळली, पाऊस कुठून आला? मग एकानं "रोप" सुचवलं. "सन इज वन रोप अप." वर्गात जोरात हशा पिकला, मग सगळ्यांना ते पटलं. तो तास मी विसरणार नाही. एका शब्दासाठी वीस पोरं भांडत होती, तेही इंग्रजीच्या तासाला.

मग चित्रांचे फोटो. अकराच्या उन्हात व्हरांड्यात कागद ठेवायचा, चार कोपऱ्यांवर चार खडे, आणि फोटो काढणाऱ्याची सावली कागदावर पडू द्यायची नाही. मग स्टोरीवीव्हरवर पुस्तक. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेला मंच आहे, फुकट आहे, तीनशेहून जास्त भाषांतली पुस्तकं तिथं आहेत. तुम्हीही तिथं पुस्तक तयार करू शकता, हे आपल्यातल्या किती शिक्षकांनी करून बघितलंय? मुलांना तिथं मी एवढ्यासाठी नेते की आपलं पान दुसऱ्या खऱ्या पुस्तकांसारखं दिसलं की पोरं आपलं वाक्य पुन्हा वाचतात. वहीत कुणी वाचत नाही. वहीतलं फक्त मी वाचते, लाल पेन घेऊन.

आणि आवाज. घरी बकऱ्या, शेजारी पिठाची गिरणी. पोरीनं गोधडीत डोकं खुपसून आजीच्या शेजारणीच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. अकरा वेळा! पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये "शी सी सन" आहे. सहाव्यात ती स्वतःच अडखळते, थांबते आणि म्हणते, "शी... सीज." मी सांगितलेलं नाही. वर्षभर मी फळ्यावर तो "एस" गोल करकरून दाखवतेय, तिकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकला आणि तिचं तिला कळलं.

व्याकरण हवंच, मान्य. पुस्तकात अजून चार चुका आहेत, त्याही जातील.

मग "रोप"चा "कासरा" कुणी केला? माझी एक मैत्रीण कोकणात शिकवते. तिच्या वर्गानं हे पुस्तक वाचलं आणि आवाजी निरोप पाठवला, "व्हॉट इज वन रोप? वेल रोप? बोट रोप?" बरोबर आहे, समुद्रकाठच्या पोरांना दोर म्हणजे होडीचा दोर. आमची पोरगी दोन दिवस विचार करत होती. मग येऊन म्हणाली, "मॅडम, दोर कुठलाबी असतोय. कासरा कासराच असतोय." तिनं "रोप" खोडून "कासरा" लिहिलं आणि शेवटच्या पानावर बैलाचं चित्र काढून खाली वाक्य टाकलं: "कासरा मीन्स बुलक रोप." वाचकानं प्रश्न विचारला म्हणून लेखिकेनं मजकूर बदलला. मोठमोठे लेखक याहून वेगळं काय करतात? मला तर त्या दिवशी रडू आलं होतं.

आणि आज एका माणसानं दहा सेकंदांत त्यावर बोळा फिरवला.

थांबा, जरा पाणी पिऊन येते.

आले. ते परीक्षक वाईट माणूस नाहीत, हे मला माहीत आहे. वर्षानुवर्षं शुद्धलेखन तपासून तपासून नजर तशी होते. माझीही झाली होती. त्यांनी मायेनंच सांगितलं असेल. पण माया असो वा राग, पोरीच्या मनात गेलं ते एवढंच की तुझं वाक्य घाण होतं आणि मशीनचं स्वच्छ आहे.

२०२० मध्ये परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. त्यांच्या पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं कौतुक घरोघरी झालं. मी त्यावरूनच शिकले. आमच्या शाळेच्या भिंतीवर प्रत्येक चित्राखाली क्यूआर कोड चिकटवलाय, मोबाइल धरला की त्या मुलाचा आवाज ऐकू येतो. २६ जानेवारीला ही आजी शाळेत आली होती. डोक्यावर पदर, हातात काठी. मी कोडवर मोबाइल धरला आणि तिच्या कानाजवळ नेला. नातीचा आवाज. इंग्रजी आजीला काय कळणार! ती ऐकत राहिली, डोळे मिटून. आणि एकदम म्हणाली, "बाई, कासरा म्हणली का वं ती?"

सबंध पुस्तकात म्हातारीला दोन शब्द कळले, आजी आणि कासरा. त्या दोन शब्दांवर तिला कळलं की हे माझ्याबद्दल आहे. "अर्ली इन द मॉर्निंग" असतं तर तिच्या हाती काय लागलं असतं? हाच दुवा पोरीच्या आईला उसाच्या फडावर पाठवला. तिनं रात्री दमलेल्या आवाजात उलटा निरोप धाडला, त्यात ती नुसतं "कासरा, कासरा" म्हणून हसतेय. मी तो निरोप जपून ठेवलाय.

काहीजण म्हणतील, पोरं मोबाइलला चिकटतात. चिकटतात, खोटं नाही. म्हणून आमच्याकडं टॅब दिवसाला वीस मिनिटं, आणि तोही कागदावरचं काम झाल्यावर. मुलांचं नाव, फोटो, गाव पुस्तकात टाकत नाही, तेवढी काळजी घ्यायलाच हवी. रेंजचं तर बोलूच नका, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसून अपलोड करते मी. आणि ही साधनं कधी बंद पडतील नेम नाही. गूगलचा ऑनलाइन फळा, जॅमबोर्ड, २०२४ च्या अखेरीला बंद झाला, त्यावर आमच्या पोरांच्या दोन वर्षांच्या शब्दांच्या चिठ्ठ्या होत्या. वेळेत पीडीएफ करून ठेवल्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून सगळं पेन ड्राइव्हवरही ठेवते आणि छापून कपाटातही.

एआयसुद्धा मी वर्गात वापरते, लपवत नाही. पण पोरांनी आधी आपलं लिहायचं, मग यंत्राचं बघायचं, आणि कुठलं ठेवायचं ते पोरांनी ठरवायचं. गेल्या महिन्यात यंत्रानं एकाचं "बस डज नॉट कम, वी वॉक" हे वाक्य लांबलचक करून दिलं. पोरगा म्हणाला, "मॅडम, एवढं बोलंस्तवर शाळा सुटंल." त्यानं स्वतःचंच ठेवलं. असा निवाडा करणारी पोरं मला हवी आहेत.

तर गाडीत तिनं विचारलं, "मॅडम, ते वाक्य काढून टाकायचं का?" तेव्हा मला लगेच "नाही" म्हणता आलं नाही. घसा दाटला होता. मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला त्यातून काय समजलं असेल, या विचारानं आता झोप येत नाही. उद्या परिपाठाच्या आधी तिला गाठून सांगणार आहे की एक अक्षर हलवायचं नाही. आणि तेच पान परिपाठाला सगळ्या शाळेसमोर तिलाच वाचायला लावणार आहे.

आणखी एक. या पुस्तकापासून वर्गात वेळेचे शब्द गोळा करायचं वेड लागलंय. पॅडलेट या ऑनलाइन फलकावर एक भिंत केलीय, डावीकडं घरून आणलेला शब्द, उजवीकडं पोरांचं इंग्रजी. दिवेलागण, "लॅम्प टाइम". टळटळीत दुपार, "नून विथ नो शॅडो". निजानीज, "ऑल स्लीप टाइम". कोंबडं आरवायची वेळ, "फर्स्ट कॉक". सगळे शब्द आज्यांनी दिलेत, कुणी फोनवरून, कुणी चुलीपुढं बसून. झुंजूमुंजूसमोरची चौकट मात्र पंधरा दिवस रिकामी आहे. रोज कुणीतरी काहीतरी लिहितं आणि बाकीची पोरं "न्हाई, असं न्हाई ते" म्हणून पुसायला लावतात. तुम्हाला सुचलं तर कमेंटमध्ये लिहू नका. त्यांना शोधू द्या.