सोपं सांगितलं म्हणून संशोधन पातळ होत नाही

प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर कायम फिरत असतो: ‘संशोधन सोपं करून सांगितलं की पातळ होतं. बाहेर बोललं की जर्नल पेपर घेत नाही. आणि एवढं करून सामान्य माणूस वाचतच नाही. प्रबंध शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) गेला, आपलं काम संपलं.’

यातला पहिला दावा सगळ्यात घातक. संशोधन पातळ होतं ते अटी गाळल्यामुळे. ‘बीबीएफवर (म्हणजे दोन्ही बाजूंना सरी असलेल्या रुंद वाफ्यावर) सोयाबीन पेरलं की उत्पादन २० टक्के वाढतं’ हे वाक्य सोपं आहे, पण अर्धवट आहे. कशाच्या तुलनेत? भारी काळ्या रानात की हलक्या? किती पावसात? समजा सपाट पेरणीत हेक्टरी १५ क्विंटल आले आणि बीबीएफवर १८, तर दोन्ही आकडे द्या. शेतकरी हिशेब एकरात करतो, म्हणून एकरी साधारण ६ च्या जागी सव्वासात असं सांगा. जमीन आणि पाऊस सांगा. प्रयोग एकाच हंगामाचा असेल, तर तेही लपवू नका. हे सगळं चार सोप्या वाक्यांत बसतं.

लिहिताना पेपरचा क्रम उलटा करायचा. निष्कर्ष पहिल्या दोन वाक्यांत, मग अटी, मग प्रयोग कसा केला ते आणि मर्यादा. मजकूर विषयाबाहेरच्या माणसाला वाचायला द्या. ‘कळलं का?’ विचारू नका, सगळेच हो म्हणतात. ‘काय कळलं ते सांगा’ म्हणा. ते जिथे भलतंच सांगतील, तिथलं वाक्य बदला.

जर्नलची भीती अर्धीच खरी आहे. पेपर छापून आल्यावर तेच निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत मराठीत सांगायला आडकाठी नसते. कॉपीराइटचा हक्क मांडणीवर असतो, माहितीवर नाही. प्रकाशकाची पीडीएफ मात्र परवानगीशिवाय वाटू नका आणि आलेख मराठीत नव्यानं काढा. छापून येण्याआधी बोलायचं असेल, तर त्या जर्नलचे नियम वाचा. खरी सावधगिरी पेटंटची. अर्ज दाखल होईपर्यंत भाषण, पोस्टर, फेसबुक पोस्ट सगळं थांबवा. आधी उघड झालेलं सहसा नवं धरलं जात नाही.

वाचत नाहीत? मग ऐकवा. परभणी, नांदेड, बीड इथे आकाशवाणी आहे. पाच मिनिटांचं भाषण म्हणजे ५०० ते ६०० शब्द, एका वाक्यात एकच आकडा. शोधगंगा अभ्यासकांच्या कामाची आहे, पण बियाण्याची अडचण घेऊन तिथे कुणी शेतकरी जात नाही.

वेळही पाळावी लागते. सोयाबीनची उगवण चाचणी मे महिन्यात सांगायची: १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, गोणपाट सुकू द्यायचं नाही आणि आठवड्यानं मोड मोजायचे. ७० पेक्षा कमी उगवले, तर बियाणं वाढवायचं. हेच जुलैत सांगितलं, तर तोवर बहुतेकांची पेरणी उरकलेली असते.