लाँच कंट्रोल, क्लच आणि तुमचा राग

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी तिचा सारांश असा: ‘प्रत्येक लाँच क्लचचा जीव घेतो’ असं लिहून मी उगाच घाबरवतो. लाँच कंट्रोल (उभी गाडी झटक्यात सुसाट सोडायची सोय) कंपनीने दिलंय ते वापरायलाच. एएमटीत, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, क्लच कॉम्प्युटर सोडतो, मग झीज कसली? फेरारी काय आणि सेलेरिओ काय, दोघींचा एएमटी मॅग्नेटी मारेली या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचाच. आणि तुम्ही स्वतःच्या एएमटी हॅचबॅकमध्ये ब्रेक-ऍक्सिलरेटर एकदम दाबून ‘लाँच’ मारता, दीड वर्षात काही झालेलं नाही.

आधी माझी चूक. ‘प्रत्येक लाँच क्लचचा जीव घेतो’ हे वाक्य जोरात लिहून गेलो. एका लाँचने क्लच जात नाही. हेही कबूल, की कॉम्प्युटर आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा क्लच नीट सोडतो.

पण उष्णतेचं काय? बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ घ्या, एसएमजी गिअरबॉक्सवाली (एसएमजी म्हणजे बीएमडब्ल्यूचा एएमटीच). डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद, सर्वांत आक्रमक एस मोड, लिव्हर पुढे ढकलून धरायचा आणि ऍक्सिलरेटर तळाला. इंजिन ठरलेल्या आरपीएमवर गुरगुरत थांबतं. लिव्हर सोडला की गाडी सुटते. हिशेबापुरतं समजा इंजिन ४००० आरपीएमवर आहे. पहिल्या गिअरमध्ये त्या आरपीएमला गाडीचा वेग तीस-बत्तीस किलोमीटर असतो. तिथवर पोचेपर्यंत क्लच घसरतच राहतो, आणि इंजिनाचा वेग कायम धरला तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते साधारण तितकीच क्लचमध्ये उष्णता होते. माणसासकट १६०० किलोची गाडी म्हणजे जवळपास ६० किलोज्यूल. एक कप चहाचं पाणी उकळेल इतकी उष्णता, तीही एका कोरड्या चकतीत, दोनेक सेकंदांत. सिग्नलवरून आरामात १२०० आरपीएमला निघालात तर हाच आकडा साडेपाचच्या आसपास. अकरा पट फरक! (चाकं फिरली तर थोडा वाटा टायर उचलतात. टायर काही फुकट मिळत नाहीत, ते सोडा.)

क्लच पायाने सोडला की पंपाने, याचं त्या ६० किलोज्यूलना सोयरसुतक नसतं. शिवाय हा क्लच कोरडा. ओल्या क्लचच्या डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) उष्णता वाहून न्यायला तेल असतं, इथे हाउसिंगमधली हवा, बस. पहिल्या लाँचची धग उतरायच्या आत दुसरा मारलात की ती आधीच्या धगीवर चढते. माझा मूळ मुद्दा एवढाच होता: लागोपाठ नको.

आता मॅग्नेटी मारेली. १९९७ च्या फेरारी एफ३५५ चा ‘एफ१’ गिअरबॉक्स आणि २०१४ च्या सेलेरिओचा एएमटी, दोन्हींमागे तीच कंपनी, हे खरं. पण एकाच शिंप्याने शेरवानी आणि शाळेचा शर्ट शिवला म्हणून शर्ट घालून बोहल्यावर चढत नाहीत. त्यांनी दिली ती क्लच दाबणारी, गिअर बदलणारी यंत्रणा. चकती मात्र त्या-त्या गाडीच्या टॉर्कला बेतलेली असते: सेलेरिओचा टॉर्क ९० न्यूटन-मीटर, एम३ चा ३६५.

तुमचा ‘लाँच’ तर लाँच नव्हेच. गाडी उभी आणि ब्रेकवर पाय, तेव्हा कॉम्प्युटर क्लच उघडाच ठेवतो. इंजिन कितीही ओरडलं तरी चकतीपर्यंत काही पोचत नाही. ब्रेक सोडल्यावर क्लच कसा जोडायचा ते तोच ठरवतो, आणि त्याच्याकडे लाँचचा प्रोग्रॅमच नाही. दीड वर्षात काही झालं नाही त्याचं श्रेय कॉम्प्युटरला द्या.

तुमच्या-माझ्या एएमटीचा खरा वैरी चढ आहे. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प उभा आहे. एका संध्याकाळी वर कुणाची तरी गाडी अडकली, आणि मी हँडब्रेक ओढायचा सोडून ऍक्सिलरेटरवर गाडी तोलत, म्हणजे क्लच सतत घासत, बसलो. मिनिटभरच. करपल्या रबरासारखा वास आला, आणि मागच्या सीटवरून आईने विचारलं, ‘अरे, गॅसवर काही राहिलंय का?’ लाँच कंट्रोलवर प्रवचन देणारा माणूस मीच.

ते ‘जीव घेतो’वालं वाक्य आज बदललंय. तुमच्या हॅचबॅकचं मॉडेल कळवा. चढावर ती थोडी मागे येते का, तेही सांगा.