म्हणे, ड्रोनचा सेन्सर थकतो!

‘दोन वर्षं उडवलेल्या ड्रोनचा सेन्सर झिजतो. उन्हाने पिक्सेल कमजोर होतात, फोटो धूसर येतात, अंधारात दाणे वाढतात. तेव्हा वेळीच विकून मोकळे व्हा.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यात खरं थोडंसंच आहे, आणि तेही भलत्याच ठिकाणी चिकटवलंय.

आधी ‘झिजतो’. ड्रोनच्या कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चिप, बहुतेक ‘सीमॉस’ प्रकारची. तिच्यात घासणारं, फिरणारं काहीच नसतं. प्रकाशाने सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात, ते मोजले जातात, पुढच्या फ्रेमला पिक्सेल पुन्हा रिकामा. हे सेकंदाला तीसदा झालं तरी सिलिकॉन खर्च होत नाही. जुन्या ट्यूब कॅमेऱ्यांचं वेगळं होतं. १९६९ मध्ये अपोलो १२ च्या अंतराळवीराकडून टीव्ही कॅमेरा सूर्याकडे वळला आणि चंद्रावरचं थेट चित्र तिथेच गेलं.

उन्हाचं म्हणाल, तर पिक्सेलांवरचे रंगीत फिल्टरचे थर तीव्र उन्हात वर्षानुवर्षं राहिले तर फिके पडू शकतात. पण अर्ध्या तासाची एक फेरी धरली, तर शंभर फेऱ्यांचे होतात पन्नास तास! लेझर शोचा झोत मात्र क्षणात कायमचा डाग पाडतो. त्याला म्हातारपण नाही, जखम म्हणतात.

धूसरपणाचा आळ तर सेन्सरवर उगाच. काचेवरचा बोटाचा ठसा, बारीक ओरखडे, पडझडीत किंचित तिरकं झालेलं भिंग, सैल झालेला गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा), हे खरे गुन्हेगार. शटरचा वेग १/१००० सेकंदावर नेऊन पाहा. फोटो धारदार आला तर थरथर होती. तोच कोपरा तसाच धूसर राहिला तर दोष भिंगाचा.

राहिले दाणे, म्हणजे फोटोत दिसणारे बारीक ठिपके. फ्रेमगणिक जागा बदलणारे दाणे कमी प्रकाशाचे आणि चढवलेल्या आयएसओचे (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता). नव्या ड्रोनलाही येतात. वयाने वाढतात ते हॉट पिक्सेल. वैश्विक किरणांतून येणारे न्यूट्रॉन सिलिकॉनचे अणू जागचे हलवतात, तिथून विद्युतप्रवाह गळतो आणि ठरलेल्या जागी रंगीत ठिपका दिसतो. तापमान सहा-आठ अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. म्हणून तापलेल्या ड्रोनची तुलना थंड ड्रोनशी करू नका (बहुतेक ‘पुरावे’ इथेच फसतात).

ठिपके मोजायचे तर लेन्स झाकून थंड ड्रोनवर शटर जास्त वेळ उघडं ठेवून दोन-तीन फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घ्या. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी दिसतील तेवढेच खरे. दोन कोटी पिक्सेलांत असे पाच-पन्नास निघाले, तर रॉ उघडणारं सॉफ्टवेअर ते बहुधा तुम्हाला न सांगताच पुसून टाकतं.