न आलेल्या पाहुण्याच्या पोळ्या

भारतात माणशी वर्षाला ५५ किलो अन्न घराघरांतून वाया जातं, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात लिहिलंय. हे मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. जेवताना आकडे वाचू नयेत.

"आपल्याकडे नाही हं तसलं," आई म्हणाली. "आपण काही टाकत नाही."

बायको हिशेबाच्या खात्यात आहे. तिने माझा मोबाइल ओढून घेतला आणि त्या ५५ किलोंत सालं, हाडं, कोयीसुद्धा धरल्यात हे शोधून काढलं. म्हणजे आपलं घर निर्दोष सुटलं. कचरा डेपोत अन्न कुजून मिथेन वायू तयार होतो, हा मुद्दा मी शेवटचा म्हणून मांडला. त्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबांच्या पोटात गेल्यावर फार वेगळं होतं असं नाही."

आई म्हणते ते खरं आहे. आमच्याकडे काही टाकत नाहीत, कारण मी आहे. "एवढंसंच उरलंय, संपवून टाक" हे वाक्य मी दात आल्यापासून ऐकतोय. लग्नानंतर त्याचं "संपवून टाका" झालं, मानात तेवढीच काय ती वाढ.

माझ्याच्याने संपत नाही ते फ्रिजमध्ये जातं. अर्धी वाटी मटकीची उसळ, चमचाभर गवार, कशाचा तरी रस्सा. ताजं असताना टाकायला जीव होत नाही, म्हणून त्याला टाकण्याजोगं होईपर्यंत गारव्याला ठेवायचं. मग वाटी सगळ्यांच्या नाकाखालून फिरते. "चांगली आहे" असं जो म्हणेल त्याला ती खावी लागते, त्यामुळे कोणी तसं म्हणत नाही. जुनं पुढे, नवं मागे असा दुकानदारांचा नियम मी लावून पाहिला. आईने त्या जुन्यापुढे दुधाचं पातेलं ठेवलं.

एरवी उरलेल्याचं काहीतरी करण्यात आईचा हात धरणारं कोणी नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, आंबट ताकाची कढी, उरलेल्या वरणात कणीक भिजवून पराठे. पण शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करताना त्यात कांदा पडतो, दाणे पडतात, वर खोबरं येतं, आणि दोन पोळ्यांचा कढईभर ऐवज होतो. मग कुस्करा उरतो. उरलेल्या कुस्कऱ्याचं काय करायचं याची कृती आईकडे नाही. तिथे मीच.

लढाई झाली ती फक्त भातावरून. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा, ही आमच्याकडची पिढीजात रीत. मी सांगितलं, भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असू शकतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी केलेलं विष नुसतं पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून तास-दोन तासांत फ्रिजमध्ये.

"तुला शाळेच्या डब्यात फोडणीचा भातच द्यायचे. मेलास का?"

याला विज्ञानाकडे उत्तर नाही. बायको मात्र आता न बोलता भात ताटात पसरते, निवला की फ्रिजमध्ये टाकते. ही युक्ती आपलीच आहे, असं आई शेजारी सांगते.

पण मूळ दुखणं वाटीत नाही, परातीत आहे. कणीक रोजच दोन पोळ्यांनी जास्त भिजते. कमी भिजव म्हटलं की आई विचारते, "कोणी आलं तर?"

कोण येणार? एके काळी एसटीतून उतरलेला मामा ऐन जेवणाच्या वेळी पिशवी घेऊन दारात उभा राहायचा, तेव्हा या दोन पोळ्यांनी घराची अब्रू राखली आहे. आता पाहुणे आठवडाभर आधी विचारतात, पार्किंगची चौकशी करतात आणि "जेवूनच येतो" असं बजावतात. न सांगता येणारा पाहुणा ही जातच संपली. त्याच्या पोळ्या मात्र रोज तव्यावर पडतात, आणि त्याच्या वतीने मी खातो. माझं पोट म्हणतात ते वास्तविक त्याचं आहे.

आणि परवा मामा आला. न सांगता, रात्री, ऐन पानं वाढताना. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी आपण होऊन पाट सरकवला, म्हणजे खुर्ची. तिने डब्यातल्या त्या दोन पोळ्या काढल्या, तूप लावलं, ताट वाढलं.

मामा हात धुऊन आला आणि पोटावरून हात फिरवत म्हणाला, "मला काही नको गं, लग्नातून येतोय, गळ्यापर्यंत झालंय." मग पिशवीतून बुंदीचा हा एवढा पुडा काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. "कार्यालयात वाया जाणार होती. म्हटलं, तू आहेस."