रिगवर रोबोट आला, आता माणसं घरी? फिरत्या मजकुरातला एकेक दावा

मुंबई हायवर किंवा आखातातल्या रिगवर कुणी कामाला असेल, तर त्या घरच्या व्हॉट्सअॅपवर हा मजकूर एव्हाना आलाच असेल. त्यात म्हटलंय: अमेरिकेत रोबोटने एकट्याने तेलविहीर खोदली. आता शंभर माणसांच्या रिगवर पाच जण पुरतील. ड्रिलर मुंबईतल्या एसी खोलीत बसून रिग चालवेल. २०१४ नंतर रिगवरच्या नोकऱ्या गेल्या त्याही ऑटोमेशनमुळेच. तेव्हा मुलांना या धंद्यात घालू नका.

‘रोबोटने एकट्याने विहीर खोदली’

बातमी खरी आहे, ‘एकट्याने’ मात्र खोटं. २०२१ मध्ये नेबर्स कंपनीच्या पेस-आर८०१ या जमिनीवरच्या रिगने टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात एक्सॉनमोबिलसाठी जवळपास २०,००० फूट लांबीची आडवी विहीर पुरी केली. रोबोटकडे होतं ते पाइप हाताळण्याचं काम: पाइप उचलायचा, आट्यांना डोप (वंगण) लावायचं, जोड आवळायचा, स्टँड (जोडलेल्या पाइपांचा संच) रॅकमध्ये उभा करायचा. मडचं (विहिरीत फिरवायच्या चिखलासारख्या द्रवाचं) वजन किती ठेवायचं, केसिंग (विहिरीला आधार देणारा पोलादी नळ) कुठे बसवायचं, हे माणसांनीच ठरवलं.

आणि ड्रिल फ्लोअरवर, म्हणजे पाइप जोडतात त्या मंचावर, यंत्र येण्याची ही काही पहिली वेळ नाही. आयर्न रफनेक (जोड आवळणारं यंत्र) १९७०च्या दशकात आला, टॉप ड्राइव्ह (पाइप वरून फिरवणारी मोटर) १९८०च्या. केलीवर (पाइप फिरवणाऱ्या जुन्या दांड्यावर) दर ९ मीटरला जोड द्यावा लागायचा, टॉप ड्राइव्हने तो २८ मीटरवर नेला. जोड देण्याचं काम एक तृतीयांशावर आलं, तरी क्रू काही एक तृतीयांश झाला नाही.

‘शंभरातले पाच उरतील’

हिशेबच करू. जॅक-अप (समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या) रिगवर एका वेळी साधारण शंभर माणसं असतात. त्यातली ड्रिल फ्लोअरची पाळी किती जणांची? ड्रिलर, असिस्टंट ड्रिलर, टॉपमन (उंचावर पाइप सांभाळणारा) आणि तीन-चार फ्लोअरमन (खाली पाइप जोडणारे), म्हणजे सहा-सात. बाकीचे क्रेनवर, डेकवर, इंजिनरूममध्ये, मड, सिमेंट, लॉगिंग (विहिरीतली मोजमापं), वेल्डिंग, रेडिओ, दवाखाना आणि स्वयंपाकघरात असतात. पाइप हाताळणाऱ्या रोबोटचा त्यांच्याशी संबंध नाही.

समजा, रोबोटने टॉपमन आणि तीन फ्लोअरमन, असे चौघे काढले. दोन पाळ्या आणि आलटून-पालटून येणारे दोन क्रू धरले तर एका रिगमागे १६ जागा गेल्या. रोबोटसाठी पाळीला एक हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा लागेल, त्या ४ जागा आल्या. उणे १२. रिगवर एका वेळी शंभराऐवजी ९४ माणसं दिसतील, पाच नव्हे. अर्थात ज्या बारा घरांतला पगार थांबेल, त्यांच्यासाठी हा आकडा लहान नाही.

तेही यंत्र नीट चाललं तर. ५ इंची तीन पाइपांचा स्टँड म्हणजे सुमारे ९०० किलो. ३,००० मीटरच्या विहिरीतून बिट (खोदणारं टोक) बदलायला बाहेर यायचं तर असे शंभरावर स्टँड काढायचे आणि परत तेवढेच घालायचे. एवढ्या फेऱ्यांत आयर्न रफनेकच्या जबड्यातल्या डाय (दातेरी पट्ट्या) मड आणि डोपने भरतात, दात बोथट होतात आणि पकड घसरते. सेन्सरवर मडचा थर बसला की पाइप समोर असूनही यंत्राला तो ‘दिसत’ नाही. इंटरलॉक (सुरक्षेसाठीची आपोआप अडवणूक) लागतो, सगळं थांबतं. ड्रिलिंग लाइन (वजन उचलणारी तारदोरी) सरकवून कापल्यावर ड्रॉवर्क्सचा (ती गुंडाळणाऱ्या विंचचा) एन्कोडर, म्हणजे उंची मोजणारा सेन्सर, पुन्हा जुळवायचा राहिला, तर स्क्रीनवरची ब्लॉकची (पाइप पेलणाऱ्या कप्पीची) उंची आणि खरी उंची यांत फरक पडतो. मग रोबोटचा हात आणि ब्लॉक एकमेकांच्या वाटेत येतात. अशा वेळी वायर ब्रश आणि चिंधी घेऊन जाणारा माणूसच लागतो. स्टॅबिलायझर, जार, एमडब्ल्यूडी (खोदतानाच मोजमाप घेणारं) अशी वेगवेगळ्या व्यासांची हत्यारं जोडणं आणि बीओपी (विहिरीचं तोंड बंद करणाऱ्या झडपांचा संच) बसवणं यांत अजूनही हातांचंच काम जास्त आहे.

जुन्या रिगवर तर हा सगळा सरंजाम बसवायला डेरिकमध्ये जागा, डेकची भारक्षमता आणि वीज तिन्ही लागतात.

‘ड्रिलर मुंबईत बसेल’

किनाऱ्यावरच्या केंद्रात रिगचा डेटा दिसतो आणि तिथून सल्ला येतो, हे खरंच आहे. पण किक येते (खडकातलं तेल-वायू विहिरीत घुसतं) तेव्हा विहीर बंद करायचा अधिकार ड्रिलरचा, आणि त्यासाठी कुणाला फोन करायचा नसतो.

मडचं वजन (पाण्याच्या तुलनेत) १.२० आणि खोली ३,००० मीटर असेल, तर तळावर मडचा दाब ०.०९८१ × १.२० × ३,००० म्हणजे सुमारे ३५३ बार. विहीर बंद केल्यावर ड्रिल पाइपवर १५ बार दिसले, तर मडचं वजन ०.०५ ने वाढवायचं, म्हणजे १.२५ च्या किंचित वर. हे गणित संगणक क्षणात करतो. अवघड आहे ते किक खरी आहे का, हे ओळखणं. फ्लोलाइनमधलं (मड परत येणाऱ्या नळीतलं) प्रवाह मोजणारं पॅडल कटिंग्जमध्ये (खडकाच्या चुऱ्यात) अडकलं की प्रवाह खोटा दिसतो. कुणी एका टाकीतून दुसरीत मड घेतलं की पातळी वाढल्याचा भास होतो. म्हणून पंप थांबवून, विहीर वाहते का हे डोळ्यांनी पाहायचं असतं.

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन रिगवर निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये (विहीर घट्ट बंद आहे का, हे दाब कमी करून पाहण्याच्या चाचणीत) किल लाइनवर (विहिरीला जोडलेल्या बाजूच्या नळीवर) शून्य आणि ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दाब दिसत होता. या विसंगतीचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि ११ माणसं गेली. डेटा त्याच वेळी किनाऱ्यावरही पोचत होता.

‘नोकऱ्या ऑटोमेशनने खाल्ल्या’

भाव बघा. ब्रेंट तेल (ज्याच्या भावावरून जगातले भाव ठरतात) जून २०१४ मध्ये बॅरलला ११५ डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं. अमेरिकेत चालू रिग्ज १,९०० च्या वरून मे २०१६ मध्ये ४०४ वर आल्या. ऑगस्ट २०२० मध्ये २४४. जानेवारी २०२४ मध्ये सौदीने उत्पादनक्षमता दिवसाला १.३ कोटी बॅरलवर नेण्याचा बेत सोडून १.२ कोटींवरच थांबायचं ठरवलं, आणि तिथल्या सरकारी तेलकंपनी अॅरामकोने वीसहून अधिक जॅक-अपचं काम थांबवलं. त्यात आपल्याकडचीही माणसं परतली. रोबोटचा त्यात काही हात नव्हता.

मजकुरात नसलेला धोका वेगळाच आहे: वेग. अमेरिकेत २०१४ मध्ये सरासरी १,८६० रिग्ज असताना दिवसाला सुमारे ८८ लाख बॅरल तेल निघायचं. २०१९ मध्ये साडेनऊशेच्या आत रिग्ज असताना १ कोटी २३ लाख. एकाच जागेवरून अनेक विहिरी, लांब आडवे भाग, दोन विहिरींमधला वाचलेला वेळ. अशाने अख्खी रिगच कमी होते, तिच्यावरच्या आचाऱ्यासकट.

‘मुलांना घालू नका’

फक्त अंगमेहनतीच्या भरवशावर घालू नका, एवढं पटतं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, जोडीला हायड्रॉलिक्स, पुढे दर दोन वर्षांनी नवं करावं लागणारं आयडब्ल्यूसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं वेल कंट्रोल (विहिरीचा दाब ताब्यात ठेवण्याचं) प्रमाणपत्र, या वाटेला मागणी राहील. गोव्यात ओएनजीसीचं समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण केंद्र फेब्रुवारी २०२४ मध्येच सुरू झालं. माणसं समुद्रावर जाणं थांबणार असतं, तर ते कशाला बांधलं असतं?

अडचण शिडीची आहे. रौस्टअबाउट (डेकवरचा मजूर), फ्लोअरमन, टॉपमन, असिस्टंट ड्रिलर, ड्रिलर असा हा चढ. मधल्या दोन पायऱ्या रोबोटने काढल्या, तर उद्याचा ड्रिलर शिकणार कुठे? पहिला फटकाही कंत्राटी फ्लोअरमनलाच बसेल. म्हणून अशा रिगवर भरती होताना दोन गोष्टी विचारून घ्या: रोबोट बंद पडला तर हाताने स्टँड जोडणारी माणसं पाळीत आहेत का, आणि फ्लोअरमनला रोबोटच्या देखभालीचं प्रशिक्षण कंपनी स्वतःच्या खर्चाने देते का.