‘विषाणूने कुठे कॅन्सर होतो?’ त्या फॉरवर्डला उत्तर

एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी जोडलेला विषाणू. त्याच्या लशीचा विषय निघाला की एक मेसेज हमखास येऊन पडतो. त्यातले दावे तीन: विषाणू कॅन्सर करत नाही, गाठीत नुसता सापडतो; एचपीव्ही बहुतेकांना होतो, मग सगळ्यांना कॅन्सर का नाही; आणि लशीत तोच विषाणू असल्याने लसच कॅन्सर करते. परवा मावशीनेही तोच पाठवला. तिला फोनवर सांगितलं, तेच इथे.

‘नुसता सापडतो.’

एचपीव्हीला स्वतःच्या नकला काढायला विभागणाऱ्या पेशीची यंत्रणा लागते. पण गर्भाशयमुखाच्या अस्तरात वरच्या थरांतल्या पेशींनी विभागणं सोडलेलं असतं. त्यांना पुन्हा कामाला जुंपतं विषाणूचं ई७ हे प्रथिन. पेशीतलं आरबी हे प्रथिन ई२एफला धरून ठेवतं. विभागणीची जनुकं चालू करणारा हाच. ई७ आरबीला चिकटलं की ई२एफ मोकळा. अशा भलत्या वेळी विभागू लागलेल्या पेशीला आवरायला किंवा मारायला पी५३ हे प्रथिन असतं. त्याचा काटा ई६ काढतं, तोही परभारे: पेशीचंच एक एन्झाइम हाताशी धरून पी५३वर युबिक्विटिनची चिठ्ठी लावून घेतं, आणि चिठ्ठी लागलेलं प्रथिन पेशी स्वतःच तोडून टाकते.

पुरावा हवा तर हीला पेशी बघा. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. त्यांत एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार आहे. ई६-ई७ बंद पाडली की पी५३ परत दिसू लागतं आणि पेशींची वाढ थांबते. इतक्या दशकांनंतरही! विषाणू नुसता बघ्या असता तर हे झालं नसतं.

‘मग सगळ्यांना का नाही?’

पहिला भाग खरा आहे. संसर्ग फार जणांना होतो, आणि बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. धोका १६ आणि १८ यांसारख्या मोजक्या प्रकारांचा, तोही वर्षानुवर्षं टिकला तर. मग कधी विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या डीएनएत घुसतो. ई६-ई७ला लगाम घालणारं त्याचं ई२ जनुक बऱ्याचदा तिथेच मोडतं. विडी ओढणाऱ्या प्रत्येकालाही कॅन्सर होत नाहीच की.

‘लशीत तोच विषाणू.’

नाही. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकमध्ये यीस्टकडून बनवून घेतलेलं एल१ प्रथिन असतं, म्हणजे विषाणूचं रिकामं कवच. ई६, ई७ त्यात नाहीत.

मावशीचं वय ५४. लशीचा खरा उपयोग लहान वयात, तिला उपयोगी पडेल ती तपासणी. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून जास्त बायकांवर झालेला अभ्यास २००९ साली छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

मेसेज तिने ग्रुपवरून काढलेला नाही. पण तपासणीला उपाशीपोटी जावं लागतं का, असं विचारलं. नाही लागत.